थोरलीचा मिस्त्री

आमच्या पार्कात रोलर कोस्टर दोन. एक जुनी, सगळी लाकडाची. तिला आम्ही कामगार थोरली म्हणतो. दुसरी पोलादी, निळ्या रंगाची, सहा वर्षांपूर्वी आलेली, ती धाकटी. धाकटी पळते ती कळतसुद्धा नाही. थोरलीचं तसं नाही. ती खडखडते, कण्हते, आणि गाडी मोठ्या वळणावर आली की अख्खा सांगाडा बोटभर कलतो आणि परत जागेवर येतो. नवखी माणसं खालून ते बघतात आणि रांगेतून हळूच बाहेर पडतात. खरं म्हणजे ती कलत नसती तर घाबरायला हवं होतं. "कुठे वाकायचं ते तिला कळतं, म्हणून तर उभी आहे," असं माझे सासरे म्हणायचे, आणि माझ्या नवऱ्याकडे बघून पुढे जोडायचे, "घरातल्या माणसांनीही शिकण्यासारखं आहे."

सासऱ्यांना पार्कात सगळे मिस्त्री म्हणतात. मी बाबा म्हणते. थोरलीची देखभाल एकतीस वर्षं त्यांच्याकडे होती. मी सून नंतर झाले, आधी त्यांच्या हाताखाली होते. सुतारकाम शिकून पार्कात लागले त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक रंधा दिला, एक फळी दिली आणि तासभर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तासाने येऊन फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डबा आणलायस का?" नव्हता आणला. मग मला घरी घेऊन गेले जेवायला. तिथे त्यांचा मुलगा होता. शाळेत गणित शिकवणारा, झोपाळ्यावर बसलं तरी गरगरणारा. पुढचं सांगायला नको. सासूबाई अजून म्हणतात, "लोक मुलासाठी मुलगी बघतात. ह्यांनी थोरलीसाठी बघितली. मुलगा आयता घरात होता, तो खपला."

थोरलीचं काम रोज पहाटे सुरू होतं. पार्क उघडतं दहाला, त्याआधी कोणीतरी सगळा मार्ग पायी चालून यायला हवा. गाडीच्या रुळालगत हातभर रुंदीची फळी असते, त्या फळीवरून, कमरेचा पट्टा कठड्याच्या तारेला अडकवून. ते काम बाबांचं. मी खाली खांब, टेकू आणि आडवे दांडे बघायचे. आमचा रंगारी त्याच वेळी डबा-ब्रश घेऊन कुठेतरी लटकलेला असायचा. थोरली या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवायला त्याला दोन वर्षं लागतात, आणि तोवर पहिलं टोक परत उघडं पडलेलं असतं.

वर बाबा काय करायचे, तर ठोकायचे. वळणांवर आणि उतारांच्या तळाशी गाडीचा सगळा भार येतो, तिथले बोल्ट रोज तपासावे लागतात. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, फुगतं आणि आकसतं, त्या ओढाताणीत नट सैल होतात. बाबांच्या हातात छोटी हातोडी. प्रत्येक बोल्टवर एक टोला. घट्ट असेल तर टण्ण असा स्वच्छ आवाज. सैल असेल तर ठप्प, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. ठप्प आला की खडूची खूण. परतीच्या वाटेवर खुणेखुणेला थांबून पाना लावायचा. मी खालून ऐकत असायचे. टण्ण, टण्ण, टण्ण, ठप्प. एखाद्या घरात कोणी भाजी चिरत असावं तसा तो आवाज मला सवयीचा झाला होता.

आता घरचं सांगते. सासूबाईंची आयुष्यभराची एकच तक्रार: हे माझं ऐकत नाहीत. त्या स्वयंपाकघरातून काही म्हणाल्या की बाबा "हो" म्हणायचे. "दूध संपलंय" ला "हो". "तुमच्या बहिणीचा फोन होता" ला "हो". एकदा त्या मुद्दाम म्हणाल्या, "मी घर सोडून चाललेय." बाबा म्हणाले, "हो, येताना खिळे आण." आम्ही हसून हसून बेजार झालो. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे कान असेच मिटत जातात, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. बाबाही हसायचे. आपण कशाला हसतोय हे त्यांना कळत होतं की आम्ही हसतोय म्हणून हसत होते, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

एका सकाळी चहाचं आधण किटलीत ठेवून सासूबाई अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या. मी वरून आवरून आले तर किटली शिट्टी मारून मारून थकलेली, पाणी आटलेलं, आणि तिच्यापासून दोन हातांवर बाबा पेपर वाचत बसलेले. सासूबाई आल्या, चिडल्या. बाबा म्हणाले, "वाचनात लक्ष होतं." मला ते पटलं.

त्यानंतर आठवड्याभरात बाबांनी मला वर बोलावलं. वॉशर संपले होते, ते घेऊन मी दुसऱ्या चढावर गेले आणि त्यांच्या मागोमाग चालू लागले. ते ठोकत होते. टण्ण. टण्ण. ठप्प. मी थांबले. बाबा थांबले नाहीत. पुढचा बोल्ट, टण्ण. खडू त्यांच्या कानामागे होता तसाच होता.

मला वाटलं, लक्षात ठेवलं असेल, परत येताना बघतील. पण पुढच्या वळणावर परत तेच. ठप्प, आणि बाबा पुढे.

पहिल्यांदा किटली आठवली. मग "येताना खिळे आण" आठवलं, आणि हसू आलं नाही.

तेव्हाच हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. बाबा वळणापलीकडे गेले, तसा मी खिशातला पाना काढला, दोन्ही नट आवळले आणि काही झालंच नाही अशी खाली उतरले. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून पुन्हा त्यांच्या मागे गेले. तिसऱ्या दिवशीही. रोज एखादा निघायचा, कधी दोन. एखादा सैल नट म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. थोरलीत हजारो आहेत आणि सगळे एकमेकांना सांभाळून असतात. मी स्वतःची अशी समजूत घालत होते. एकतीस वर्षं ज्या माणसाने इथल्या प्रत्येक लाकडाला हात लावलाय त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून? रात्री नवऱ्याला सांगावं असंही वाटलं. तो म्हणाला असता, "बाबांना सांग." म्हणून त्यालाही सांगितलं नाही.

अकरा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्या मागे दहा पावलांवर. मोठ्या वळणाच्या तोंडाशी बाबा वाकले आणि वाकलेलेच राहिले. जुना नट गंजून तपकिरी झालेला असतो. पाना लागला की त्याच्या कडा चकाकतात, आणि ते काही केल्या लपवता येत नाही. बाबांचे कान गेले असले तरी डोळे शाबूत होते. ते त्या नटाकडे बघत होते. मग चार पावलं मागे आले, दुसरा बघितला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

ते फळीवर बसले. पाय खाली सोडले. मीही जवळ जाऊन बसले. खाली पार्क अजून रिकामं होतं. झाडणारी बाई कारंज्याभोवती झाडत होती.

"हा मी आवळलेला नाही," ते म्हणाले.

"नाही."

"तिकडचाही नाही."

"नाही, बाबा."

"कधीपासून?"

मी बोटांवर मोजायचं सोंग केलं. आकडा मला पाठ होता. "अकरा दिवस झाले."

मला वाटलं आता म्हणतील, माझं वय झालं, वगैरे. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण ते म्हणाले, "तुला मंगळवारी ताप होता ना? तू आली नव्हतीस."

त्या मंगळवारी त्यांच्या मागे कोणीच नव्हतं. आणि त्या दिवशी गाडी दिवसभर भरून चालली होती.

"मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलीस," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. उलट इतका हळू होता की मीच पुढे झुकले. "माया घरी करायची. पाठीला तेल चोळ, पानात चार घास जास्त वाढ, मी नको म्हणणार नाही. इथे वर माया करायची नाही. या गाडीत लोकांची पोरं बसतात."

मी मान खाली घातली. रडू येत होतं, पण ते त्यांना दिसावं असं वाटत नव्हतं. काही वेळाने ते उठले, पट्टा पुढच्या तारेला अडकवला आणि म्हणाले, "चल, बाईंकडे जाऊ."

मॅनेजरबाई पार्कात चौदा वर्षं आहेत. बारीक चणीच्या, चालतानाही धावल्यासारख्या. आम्ही गेलो तेव्हा त्या फाटकाच्या किल्ल्या हातात घेऊन निघाल्याच होत्या.

"बाई, थोरली आज बंद ठेवा," बाबा म्हणाले.

"आज रविवार आहे, मिस्त्री."

"माहीत आहे."

"काय तुटलंय?"

"माझे कान," बाबा म्हणाले. "मला ऐकू येत नाही. किती दिवसांपासून, ते मलाही ठाऊक नाही. ही माझ्यामागून नट आवळत होती, तिचीही चूक आहे, पण आधी माझी. सगळे बोल्ट परत बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, खुर्चीत बसल्या आणि क्षणभर डोळे चोळले. मग फोन उचलून सांगितलं, "थोरलीवर पाटी लावा. देखभालीसाठी बंद. रांग धाकटीकडे वळवा." फोन ठेवून बाबांना म्हणाल्या, "दुसरं कोणी असतं तर मला हे वर्षभर कळलं नसतं." आणि मला, "तुझ्याशी मी उद्या बोलेन."

सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही दोघं वर होतो. संध्याकाळी गाडी माणसांऐवजी वजन घालून फिरवून बघायची होती, म्हणून रंगाऱ्याला खाली वाळूच्या गोण्या भरायला बसवलं. स्टोअरमधून बाबांनी मापाचा पाना काढून आणला, ठरलेल्या जोराला कट्ट करणारा. एरवी तो महिन्यातून एकदा निघायचा. बाबांना तो आवडायचा नाही, म्हणायचे, ह्याला अक्कल नाही, नुसता आकडा आहे. त्या दिवशी स्वतःच्या फडक्याने पुसून माझ्या हातात दिला.

आमची पद्धत अशी ठरली. मी हातोडी मारायची. बाबांनी बोल्टशेजारच्या लाकडावर तळवा टेकायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, घट्ट की सैल. मग मी पाना लावून खरं काय ते बघायचं. ही कल्पना त्यांचीच. मला आतून आशा वाटायला लागली होती. पहिल्या वळणावर सगळे बरोबर आले. तिसऱ्या उताराच्या तळाशी त्यांनी एक सैल नट नुसत्या हाताने ओळखला, आणि मी इतकी हरखले की म्हणाले, "बाबा, तुम्हाला कानांची गरजच नाही."

"पुढे मार," ते म्हणाले.

पार्क भरलं. खाली लोक धाकटीच्या रांगेत उभे राहून आमच्याकडे वर बघत होते. एक आजोबा बराच वेळ हात हलवत होते. शेवटी बाबांनी हात हलवला तेव्हा ते गेले. दुपारी आम्ही वरच बसून डबा खाल्ला. सासूबाईंनी बाबांच्या डब्यात माझ्या आवडीची भाजी आणि माझ्या डब्यात बाबांच्या आवडीची घातली होती, ती आम्ही न बोलता बदलून घेतली. सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं.

शेवटच्या वळणाचा शेवटचा बोल्ट झाला. खडूच्या खुणा मी मोजल्या होत्या. दिवसभरात सैल निघाले नऊ.

"मी किती सांगितले?" बाबांनी विचारलं.

"सहा," मी म्हणाले, आणि घाईने म्हणाले, "नुसत्या हाताने सहा म्हणजे कमाल आहे, बाबा."

"नऊपैकी सहा," ते म्हणाले. "तुझ्या नवऱ्याच्या शाळेत पास करत असतील. इथे नापास."

संध्याकाळी वाळूच्या गोण्या घातलेली गाडी तीनदा फिरवली. थोरली खडखडली, कलली, परत जागेवर आली. बाबा खाली उभे राहून बघत होते. आवाज त्यांना कितपत येत होता कोण जाणे, पण तळवा त्यांनी खांबावर ठेवला होता.

घरी सासूबाईंना सांगायचं काम माझ्यावर आलं असतं, पण बाबांनीच दारातून आत पाऊल टाकता टाकता सांगून टाकलं. सासूबाई ताटं मांडत होत्या. हातातलं ताट तसंच राहिलं.

"म्हणजे खरंच ऐकू येत नाही?" त्या म्हणाल्या.

"खरंच."

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच भांडले?"

बाबांनी विचार केला. "सगळंच उगाच नाही," ते म्हणाले. "काही काही ऐकू येत होतं."

माझा नवरा तोंडावर रुमाल धरून उठून गेला. सासूबाईंना हसावं की रडावं कळेना, त्यांनी ताट ठेवलं, बाबांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी ठासून म्हणाल्या, "उद्या डॉक्टर." बाबा म्हणाले, "हो." हे "हो" वेगळं आहे हे सगळ्यांनाच कळलं.

डॉक्टरने बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि सांगितलं, बारीक, उंच पट्टीचे आवाज गेलेत. आयुष्य करवती आणि हातोड्यांजवळ काढलंत, त्याची ही देणगी. कानाचं मशीन मिळालं. घरात त्याचा चांगला उपयोग झाला. सासूबाईंची मात्र पंचाईत झाली, स्वयंपाक करताना त्यांना पुटपुटायची सवय होती, आणि आता आतून आवाज यायचा, "ऐकलं मी." त्या म्हणायच्या, "आता स्वतःच्या घरात स्वतःशी बोलायचीही चोरी." पण थोरलीजवळ मशीनचा काही उपयोग नव्हता. डोक्यात भांडी आदळल्यासारखं होतं, म्हणाले. टण्ण आणि ठप्प त्यातून वेगळे निघत नव्हते.

मॅनेजरबाई माझ्याशी बोलल्या. काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. नंतर त्यांनी नियम केला: मार्गावर रोज दोघं जातील, एक ठोकेल, दुसरा मागून ऐकेल आणि स्वतःच्या वहीत लिहील, आणि दर आठवड्याला मापाचा पाना लागेल. ठोकण्याचं काम मला दिलं. मागून ऐकायला रंगारी, कारण त्याचे कान मांजरासारखे आहेत आणि उंचीची सवय आहे. बाबा खाली सुतारशाळेत आले. रुळाखालच्या फळ्या थरावर थर चढवून बनतात. त्या कापणं, वाकवणं, भोकं पाडणं, हे काम आता त्यांचं.

पण माझ्याशी ते बोलत नव्हते. म्हणजे बोलायचे, "पाना कुठेय" इतपत. घरात "भाजी छान झालीय" इतपत. रागावले होते असंही नाही. काहीतरी मधे येऊन बसलं होतं, आणि ते मीच आणून बसवलं होतं. नवरा म्हणाला, "माफी माग." मी दोनदा मागितली. बाबा दोन्ही वेळा म्हणाले, "ठीक आहे." गणिताच्या माणसाला वाटतं तेवढ्यावर हिशेब मिटतो.

तीन आठवडे गेले. एका दुपारी मी सुतारशाळेत गेले तर टेबलावर मोठ्या वळणासाठी कापलेल्या आठ फळ्या होत्या. बाबा म्हणाले, "बघून दे."

एकतीस वर्षांत बाबांच्या फळ्या कोणी बघितल्या नव्हत्या. त्या आल्या की लागायच्या. मला वाटलं, उगाच माझा मान ठेवतायत. मी वरवर हात फिरवला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीच्या खालच्या अंगाला एक गाठ होती, आणि बोल्टचं भोक बरोबर तिच्या कडेवर येत होतं. तिथे लाकूड आज ना उद्या चिरणार. गाठ बारीक होती. सुतारशाळेत आणखी तीन माणसं होती. रंगारी दारात बसून ब्रश धूत होता.

मी फळीवर अंगठा ठेवून उभी राहिले. माझ्या तोंडात "ठीक आहेत" हे शब्द आलेसुद्धा होते.

"पाचवी चालणार नाही," मी म्हणाले. मग बाबांचं मशीन कानात नाही हे लक्षात आलं, तेव्हा सगळ्या सुतारशाळेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "बाबा, पाचवी परत करा. गाठ आहे."

करवत थांबली. माणसं बघायला लागली. बाबा आले, चष्मा खाली ओढला, फळी उलटी केली, गाठीवर नख टोचून बघितलं. मग फळी उचलली आणि टाकाऊ लाकडांच्या ढिगावर नेऊन ठेवली. नवी फळी घेऊन मापं आखायला लागले. आखता आखता मान वर न करता म्हणाले, "उरलेल्या तीन कोण बघणार? रंगारी?"

मी सहावी, सातवी आणि आठवी बघितली. त्या चांगल्या होत्या. तसं सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी विचारलं, आज काय विशेष. त्या रोजच विचारतात. आता उत्तर मिळतं म्हणून जास्तच विचारतात.

"आज सूनबाईंनी चारचौघांत माझी फळी परत केली," बाबा म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तिचं बरोबर होतं," बाबा म्हणाले, आणि समोरचं भांडं माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तू घे अजून. उद्या मोठ्या वळणावर जायचंय."